निर्लेखनाच्या यादीवर सही करण्याआधी

माननीय शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख आणि जिल्हा परिषद शाळांच्या व्यवस्थापन समित्यांवरचे सर्व पालक-सदस्य यांना,

सप्रेम नमस्कार.

माणदेशातल्या एका तालुक्याच्या गावी माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. सतरा वर्षं हेच काम करतो. दिवाळीनंतर एका वाडीवरच्या शाळेतून निरोप आला, की संगणक कक्षातले अकरा संच निर्लेखनाला काढायचे, म्हणजे निकामी ठरवून नोंदीतून वगळायचे आहेत आणि ‘दुरुस्तीयोग्य नाहीत’ असा दाखला माझ्या लेटरहेडवर हवा आहे. असे दाखले मी पूर्वी दिलेत. जडसंग्रह नोंदवहीतली, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या वहीतली नोंद कमी होते, टेम्पो येतो, किलोच्या भावाने माल जातो आणि खोली रिकामी होते. त्या दिवशी मात्र मी दाखला न देता परत आलो. का आलो, ते आपल्याला सांगणं मला गरजेचं वाटतं.

यादीतल्या अकरापैकी आठ संचांपुढे शेरा एकच होता : ‘हार्ड डिस्क खराब’. मी एकेक सीपीयू चालू करून बघितला. बहुतेकांचा पंखा फिरला, बीप वाजली, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली : ‘डिस्क बूट फेल्युअर, इन्सर्ट सिस्टीम डिस्क अँड प्रेस एंटर’. ही ओळ आपणही कधी ना कधी पाहिली असेल. बहुतेक जण तिचा पहिला तुकडा वाचतात आणि संगणक गेला म्हणून त्यावर कापड टाकतात. पुढचा तुकडा वाचा. संगणक सांगतोय, या डिस्कवरून मला सुरू होता येत नाही, दुसरी द्या आणि एंटर दाबा. ज्याला एवढं सांगता येतं त्याचा प्रोसेसर शाबूत आहे, रॅम शाबूत आहे, मदरबोर्ड आणि डिस्प्ले शाबूत आहे. बिघडलंय ते सामान ठेवायचं कपाट, म्हणजे हार्ड डिस्क. काम टेबलावर, म्हणजे रॅममध्ये चालतं, आणि टेबल चांगलं आहे.

हार्ड डिस्कच सगळ्यात आधी का जाते, हे आपल्या भागात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. पंखे सोडले तर त्या डब्यात सतत फिरणारा भाग तेवढाच. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी तबकडी, आणि तिच्यावर केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगणारं हेड. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते, नवीन घ्यायला सादिलमध्ये, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या रकमेत पैसे उरत नाहीत, मग संगणक थेट भिंतीवरच्या बोर्डाला जोडला जातो. दिवसातून चार वेळा लाइट जाते आणि चार वेळा येते. त्यात पत्र्याखालची मे महिन्यातली धग आणि सुट्टीत साचलेली धूळ. एक दिवस डिस्कमधून टक्‌ टक्‌ असा आवाज यायला लागतो आणि विंडोज उघडायचं बंद होतं. त्याच खोलीत, त्याच धगीत प्रोसेसर आणि रॅम मात्र पंधरा-पंधरा वर्षं तग धरतात. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, माझ्या दुकानातल्या कपाटात असे शंभर तरी रॅमचे तुकडे आहेत, आणि ते चालतात.

तर त्या आठही संचांच्या हार्ड डिस्क मी केबलसकट सोडवल्या. खराब डिस्क जोडलेली राहिली की सुरू होताना बायोस, म्हणजे संगणकाला जागं करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम, तिची वाट बघत बसतो, म्हणून ती काढलेलीच बरी. मग खिशातला पेन ड्राइव्ह मागच्या बाजूच्या यूएसबीत लावला आणि सुरू करताना बूट मेनूची, म्हणजे कशावरून सुरू व्हायचं ते विचारणाऱ्या यादीची कळ दाबली. ही कळ कंपनीप्रमाणे बदलते, कुठे एफ १२, कुठे एफ ९, कुठे एस्केप. यादीतून यूएसबी निवडलं. पेन ड्राइव्हवर पपी लिनक्स होतं, म्हणजे विंडोजच्या जागी संगणक चालवणारी एक मोफत यंत्रणा.

पपीबद्दल थोडं सांगतो, कारण सगळी गंमत तिथे आहे. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलर यांनी २००३ साली ते पहिल्यांदा बाहेर आणलं, आणि तेव्हापासून त्याची रीत एकच राहिली : सगळी यंत्रणा दाबून एका लहानशा फाइलीत बसवायची आणि सुरू होताना ती अख्खी रॅममध्ये चढवायची. मी वापरतो ती आवृत्ती जेमतेम ४०० एमबीची आहे. जुन्या यूएसबी २.० मधून एवढं वाचायला अर्धं-पाऊण मिनिट लागतं. एकदा ते रॅममध्ये चढलं की पुढे डिस्क लागत नाही आणि पेन ड्राइव्हही लागत नाही. म्हणजे तो चक्क काढून घेता येतो. हे मी शिक्षकांना करून दाखवलं. पहिला संच सुरू झाला, पेन ड्राइव्ह काढला, दुसऱ्याला लावला, मग तिसऱ्याला. एकाच पेन ड्राइव्हवर पाठोपाठ पाच संच सुरू झाले. सर उठून मागे गेले आणि पहिल्या संचाचा माउस हलवून बघितला, तो चालतोय की नाही म्हणून. चालत होता. रॅम ही हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी वेगवान असते, त्यामुळे खिडक्या पटापट उघडत होत्या. हे संच नवे होते तेव्हाही एवढे चपळ नव्हते, असं सर म्हणाले, आणि ते खरं आहे.

सहावा संच तीनदा बीप देऊन गप्प बसला. रॅम काढली, सोनेरी पट्टीवर एका मुलाकडून मागून घेतलेलं खोडरबर हलक्या हाताने फिरवलं, परत बसवली. सुरू झाला. उरलेल्या दोन्हींच्या मदरबोर्डवरचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, फुगले होते, ते मीच यादीत राहू दिले. म्हणजे ‘हार्ड डिस्क खराब’ असा शेरा असलेल्या आठांपैकी सहा संच दुपारपर्यंत चालू झाले, आणि तोपर्यंत खर्च झाला तो एका पेन ड्राइव्हचा.

अडचणी आल्या, त्याही लपवत नाही. पहिली अडचण तारखेची. ब्राउझर उघडला तर कुठलीच वेबसाइट उघडेना, जिकडेतिकडे सुरक्षिततेचा इशारा. सरांना वाटलं, लिनक्सवर इंटरनेट चालत नाही. कारण वेगळंच होतं. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर २०३२, संपला होता आणि संगणकाच्या लेखी २००९ साल चालू होतं. वेबसाइटची प्रमाणपत्रं तारीख बघून तपासली जातात, आणि २००९ मधल्या संगणकाला आजचं प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नसतं. घड्याळवाल्याकडे मिळणारा सेल बदलला, बायोसमध्ये तारीख घातली, काम झालं. किती चांगले संगणक या एका सेलपायी कोपऱ्यात गेले असतील, याचा विचार आला की वाईट वाटतं.

दुसरी अडचण मराठीची. पपीत देवनागरीचा फॉन्ट नव्हता, अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसत होते. लोहित मराठी हा मोफत फॉन्ट मी सोबत नेला होता. तो घातला, कीबोर्डच्या यादीतून मराठी इनस्क्रिप्ट, म्हणजे देवनागरीची प्रमाण कळरचना, निवडला आणि सगळं परत नीट बांधून पेन ड्राइव्हवर चढवलं, म्हणजे पुढच्या वेळी हा उद्योग नको.

मधली सुट्टी झाली तशी मुलं दारात गोळा झाली होती. सहावीतल्या एका मुलीला सरांनी नाव टाइप करायला बसवलं. तिच्या नावात ज्ञ आहे. कीबोर्डवर ती ज्ञ शोधत राहिली. मी सांगितलं, ज लिही, मग पाय मोडायची कळ दाब, मग ञ. तिने एकेक कळ दाबली, पडद्यावर ज आला, त्याचा पाय मोडला, आणि ञ दाबताच तिन्ही मिळून ज्ञ झाला. ती माझ्याकडे न बघता सरांकडे वळली आणि म्हणाली, “सर, ज्ञ मध्ये ज आहे!” सहा वर्षं ती आपलं नाव लिहीत आली होती. मग तिने क्ष करून बघितला, मग त्र. ज्या संगणकावर तिला हे कळलं, तो टेम्पोत चढणार होता.

आता आपल्या मनातल्या शंकांकडे येतो, कारण त्या मी ऐकल्या आहेत आणि त्या रास्त आहेत.

मुलांनी केलेलं काम राहणार कुठे? पपी बंद करताना विचारतं, की तुमचं काम साठवायचं का, आणि हो म्हटलं तर पेन ड्राइव्हवरच एका वेगळ्या फाइलीत ते ठेवतं. प्रत्येक संचाला स्वतंत्र पेन ड्राइव्ह दिला तर प्रत्येकाचं काम वेगळं राहतं. पण वर्गासाठी मला उलटी रीत जास्त आवडते : काहीच साठवायचं नाही. मुलांनी काहीही उघडू दे, काहीही पुसू दे, बंद करून चालू केलं की संगणक पहिल्या दिवसासारखा कोरा. व्हायरस शिरला तरी त्याला राहायला घर नाही. ‘बिघडेल’ या धाकाने आपल्या शाळांमधले निम्मे संगणक कुलपात असतात. बिघडूच शकत नाही असा संगणक मुलांच्या हाती दिला, तर शिक्षकही मोकळेपणाने वर्ग घेतात. आणि लाइट गेली तर? त्या क्षणीचं न साठवलेलं काम जाईल, पण फुटायला डिस्कच नाही.

हे कायदेशीर आहे का, असं एका विस्तार अधिकाऱ्यांनी मला काळजीने विचारलं. पूर्णपणे आहे. लिनक्सच्या परवान्यातच लिहिलं आहे, की ते वापरा, त्याच्या प्रती काढा, वाटा. एका पेन ड्राइव्हवरून शंभर केले तरी कुणाचा हक्क बुडत नाही. आपल्या देशाच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने ‘बॉस’ नावाचं स्वतःचं लिनक्स २००७ साली काढलं ते याच पायावर. केरळने तर २००१ पासून शाळांसाठी आयटी ॲट स्कूल हा प्रकल्प चालवला आणि हळूहळू सरकारी शाळांचे संगणक कक्ष मुक्त सॉफ्टवेअरवर नेले, २०१७ मध्ये त्याच प्रकल्पाची ‘काइट’ ही सरकारी कंपनी झाली. त्यांचे संच हार्ड डिस्कवरच चालतात, पण लिनक्सवर शिकलेली मुलं मागे पडत नाहीत, एवढं त्यांनी दाखवून दिलं आहे. मल्याळममध्ये जे झालं ते मराठीत न व्हायला कारण काय?

विंडोजवरच शिकवायला हवं, हा आग्रह मला समजतो. पण खर्च बघा. विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. शाळांमधल्या या संचांत २ जीबी रॅम आहे आणि तसली चिप नाही. म्हणजे नवी हार्ड डिस्क विकत आणली तरी त्यांना आज चालेल असं विंडोज उरलेलं नाही. डिस्क बदलणं हा तोडगा आता राहिलाच नाही.

काय होणार नाही, तेही स्पष्ट सांगतो, म्हणजे नंतर कुणी मला धरायला नको. व्हिडिओ मोठ्या आकारात सुरळीत चालणार नाहीत. ब्राउझरमध्ये दोन-तीन पानं उघडा, दहा नकोत, कारण आजकाल रॅम खातो तो ब्राउझर. ५१२ एमबीपेक्षा कमी रॅम असेल तर नाद सोडा. प्रोसेसर जुन्या, ३२ बिटच्या प्रकारचा असेल तर अँटीएक्ससारखी लिनक्सं अजून आहेत, पण ब्राउझरवाले हात काढून घेताहेत. क्रोमने ते २०१६ मध्येच केलं, फायरफॉक्सने १४५ व्या आवृत्तीपासून. तसल्या संचांवर टायपिंग, चित्रकला, गणिताचे खेळ, बस्स. कार्यालयांत सर्रास दिसणारे काही छोटे लेझर प्रिंटर लिनक्सवर रडवतात. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप करायची सवय असलेल्यांना इनस्क्रिप्ट शिकावं लागेल. म्हणून मुख्याध्यापकांचा कार्यालयीन संगणक बदला असं मी म्हणत नाही. मी मुलांच्या खोलीबद्दल बोलतोय. आणखी एक : पपीत वापरणारा थेट सर्वाधिकारी असतो. शाळेच्या बँकेचं किंवा शालार्थचं, म्हणजे शिक्षकांच्या पगाराचं काम त्यावर करू नये.

इंटरनेट नसलेल्या शाळांनाही यातून पुष्कळ मिळतं. किविक्स नावाच्या मोफत प्रोग्रॅममधून अख्खा मराठी विकिपीडिया त्याच पेन ड्राइव्हवर ठेवता येतो, चित्रांसकट, एक पैशाचा डेटा न लागता. सरांनी त्यात आमच्या माणगंगा नदीचं नाव शोधून बघितलं, तो चेहरा मला अजून आठवतो.

ज्या हायस्कुलांत पंधरा-वीस संच आहेत तिथे पेन ड्राइव्हही नको. संगणकाच्या बायोसमध्येच नेटवर्कवरून सुरू होण्याची सोय असते, आणि एलटीएसपी हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर १९९९ पासून वापरात आहे : एक बरा संगणक सगळ्यांना यंत्रणा पुरवतो, बाकीचे डिस्कशिवाय चालतात. पण तो एक बंद पडला की सगळा कक्ष बंद, आणि तो सांभाळणारा माणूस लागतो. वाडीवरच्या शाळेला मी ते सुचवणार नाही.

माझी मागणी मोठी नाही आणि तिला नवीन निधी लागत नाही. निर्लेखनाच्या प्रस्तावात ‘हार्ड डिस्क खराब’ हे एवढंच कारण ग्राह्य धरू नये. त्याआधी डिस्क काढून, सेल तपासून, पेन ड्राइव्हवरून संच सुरू होतो का हे बघावं आणि तसा शेरा लिहावा. संच सुरू झाला तर तो यादीतून वगळावा. मराठी फॉन्ट आणि कीबोर्ड घातलेला एक नमुना पेन ड्राइव्ह जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने एकदा तयार करावा, शाळा आपापल्या प्रती काढतील. केंद्राच्या शिक्षण परिषदेत यासाठी तास-दीड तास ठेवला तरी पुरे, मी स्वतः आठवीच्या मुलांना अर्ध्या तासात शिकवलं आहे. समितीवरच्या पालकांना वेगळी विनंती : निर्लेखनाचा ठराव आपल्यापुढे येतो तेव्हा फक्त सही करू नका, प्रत्येक संचापुढचं कारण वाचायला मागा. तो आपला अधिकार आहे.

आणि जे खरोखर निकामी आहे ते जरूर काढा, पण ई-कचऱ्याचे नियम पाळून, नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच द्या. भंगारच्या टेम्पोत हार्ड डिस्क मात्र जाऊ देऊ नका. विंडोज उघडत नाही म्हणजे आतली माहिती पुसली गेली असं नसतं. त्या शाळेतल्या आठपैकी तीन डिस्क मी दुकानात जोडून बघितल्या, दोन वाचता आल्या. त्यांत मुलांच्या याद्या होत्या, जन्मतारखा होत्या, आधार क्रमांक होते. त्या मी मुख्याध्यापकांच्या समोर फोडल्या.

ते सहा संच आज त्या खोलीत चालू आहेत, पण कागदोपत्री ते अजून निर्लेखनाच्या यादीत आहेत. प्रस्ताव वर गेलेला आहे आणि मार्चअखेरच्या आत त्यावर सही होईल असं ऐकतो. माझी हात जोडून विनंती आहे, की तो परत मागवावा. आणि तालुक्यातल्या बाकीच्या शाळांच्या याद्यांवर सही होण्याआधी मला प्रत्येक केंद्रात एक शनिवार द्यावा. सकाळची शाळा सुटली की मी पेन ड्राइव्ह, सेलचं पाकीट आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन येईन. पैसे नकोत. खोलीची किल्ली ज्यांच्याकडे असते त्यांना फक्त थांबायला सांगा.

आपला विश्वासू,
तालुक्यातला एक संगणक दुरुस्ती करणारा